एका वेळी चार कामं करायची हुशारी अंगाशी आली, तुमचं काय?

मोटरवाला
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, सांभाळून घ्या.

सांगलीत गणपती पेठेत आमचं पाण्याच्या मोटरी, पाइप, स्टार्टर असलं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलेलं, गेली अठरा वर्षं मी बघतो. माझी ख्याती अशी की मी काउंटरवर एका वेळी चार कामं करतो. बिल करता करता फोन, फोनवर बोलता बोलता पोराला वरच्या फळीवरचा एल्बो दाखवायचा, मधेच क्यूआर कोडचा भोंगा बोलला की त्याच्याकडे कान. लोक म्हणायचे मालक लई फास्ट आहेत आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

गेल्या महिन्याची २० तारीख. जीएसटीच्या थ्रीबीचा, म्हणजे महिन्याच्या रिटर्नचा, शेवटचा दिवस, आणि आमच्याकडे शेवटच्या दिवशीच भरायची परंपरा आहे. संध्याकाळी सात वाजता खांद्यात फोन दाबून कोइमतूरच्या सप्लायरशी बोलतोय, समोर दोन गिऱ्हाईकं, लेकीच्या शाळेच्या ग्रुपवर उद्या चार्ट पेपर आणा म्हणून मेसेज आणि लॅपटॉपवर चलन. त्या नादात ४७,३०० रुपये सीजीएसटी-एसजीएसटीच्या (राज्यातल्या विक्रीच्या) ऐवजी आयजीएसटीच्या (परराज्यातल्या विक्रीच्या) रकान्यात भरले. कळलं तेव्हा साडेनऊ. घरातले पैसे गोळा करून परत चलन भरलं, रिटर्न गेलं, पण पहिले पैसे तिकडंच पडलेत. आणि त्याच संध्याकाळी एकाला थ्री फेजच्या जागी सिंगल फेजचा स्टार्टर दिला, तो दुसऱ्या दिवशी कवठेमहांकाळवरनं परत आला. काही बोलला नाही. नुसता खोका काउंटरवर ठेवला आणि उभा राहिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

अण्णा (वडील, वय ७८) पलीकडं खुर्चीत बसलेले असतात. म्हणाले, "गिऱ्हाईक कुठं पळत नव्हतं, तूच पळालास." तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे. हे असं सगळ्यांचंच होतंय का माझं वय झालं? आणि कामधंदा सांभाळून कुणी वेग कमी केलाय का, ते कसं जमलं? हिमालयात जा, ध्यान करा हे सोडून सांगा.

भडंगप्रेमी
पयला! सविस्तर नंतर लिहितो, आत्ता मीटिंगमध्ये आहे.

उंटावरचा
@भडंगप्रेमी, धाग्याचा विषय काय आणि तुम्ही करताय काय. हसून हसून पुरेवाट.

खतावणी
मोटरवाले, पेशाने सीए आहे म्हणून आधी कामाचं सांगतो. घाबरू नका, पैसे बुडालेले नाहीत. ते तुमच्या इलेक्ट्रॉनिक कॅश लेजरमध्ये आयजीएसटीच्या खात्यावर आहेत. पोर्टलवर पीएमटी-०९ नावाचा फॉर्म आहे, त्यातनं एका खात्यावरची रक्कम दुसऱ्या खात्यावर वळवता येते. दहा मिनिटांचं काम. फक्त त्या दहा मिनिटांत कोइमतूरचा फोन घेऊ नका.

मोटरवाला
खतावणी साहेब, जीव भांड्यात पडला. उद्याच भरतो.

कृष्णाकाठची
एक ना धड भाराभर चिंध्या, आजी म्हणायची ते उगीच नाही. वाचतेय.

तासगावकर_बागायतदार
मोटरवाले भाऊ तुमचं ४७ हजारावर भागलं. माझं ऐका. द्राक्षाची बाग आहे दोन एकर. डिपिंगच्या दिवसांत, म्हंजे घड औषधात बुडवायच्या, जीए (वाढीचं संजीवक) कालवत होतो, पावडर आधी स्पिरिटमधी विरघळवून मग पाण्यात घालायची असती, आणि मधेच फोन आला. पाव्हण्याचा. पोरगी बघायला कवा यायचं म्हणून. धा मिनिटं बोललो, फोन ठेवला आणि आता आठवंना दुसरं पाकीट घातलं का न्हाई. वाटलं न्हाई घातलं. घातलं. म्हंजे डबल झालं. आठवड्यानं बघतोय तर घडाचे देठ काडीसारखे कडक, पाकळ्या ताठ, मणी धरंनात. एक एकराचा माल एक्स्पोर्टचा होता, गेला बेदाण्याला.

पाव्हण्याचं लगीन पण मोडलं नंतर, ते वेगळं.

आता काय करतो, कालवायच्या टायमाला फोन कारभारणीकडं. आणि रिकामं झालेलं पाकीट टाकून द्यायचं न्हाई, खिशात घालायचं. शंका आली की खिसा मोजायचा. एवढंच शिकलो.

साताऱ्याचा_पेढा
सांगलीकरांनी हळू व्हायचं म्हणजे काय, तुमच्याकडं आधीच सगळं निवांत. आमच्याकडं पोवई नाक्यावर या एकदा संध्याकाळी. (हलके घ्या.)

भडंगप्रेमी
पेढेवाले, तुम्ही पेन्शनरांचं गाव, घाई कशाची असती तुम्हाला? पेढा बी कंदी, माणसं बी कंदी, मंद आचेवर.

उंटावरचा
झालं सुरू सातारा-सांगली. कोल्हापूरकर आले की धागा शतक गाठणार. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

अभ्यासू_कावळा
मूळ शब्दच माणसांसाठी नव्हता. मल्टिटास्किंग हा १९६०च्या दशकातला कॉम्प्युटरवाल्यांचा शब्द. आणि गंमत म्हणजे एकच प्रोसेसर असलेलं मशीनसुद्धा दोन कामं एकदम करत नाही, ते याच्यावरून त्याच्यावर उड्या मारतं, इतक्या भराभर की आपल्याला एकदम वाटतं. पण मशीन उडी मारण्याआधी कुठवर आलो होतो ते लिहून ठेवतं, परत आल्यावर तिथूनच उचलतं. आपण लिहून ठेवत नाही. तासगावकर काकांची खिशातली रिकामी पाकिटं म्हणजे नेमकं हेच, काकांनी स्वतःच शोधून काढलं, सलाम.

माणसांवरचं संशोधन जुनं आहे. १९२७ मध्ये जर्सिल्ड नावाच्या मानसशास्त्रज्ञानं लोकांना एकाच प्रकारची गणितं सलग दिली आणि मग दोन प्रकारची आलटून पालटून दिली. आलटून पालटून करताना वेळ जास्त लागला. म्हणजे मोबाइल जन्माला यायच्या आधीपासून हे असंच आहे. २००९ मध्ये सोफी लरॉय यांनी दाखवलं की अर्धवट सोडलेल्या कामातलं थोडं लक्ष तिथंच चिकटून राहतं, पुढच्या कामाला आपण अख्खे पोचतच नाही. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या मंडळींनी एकाच वेळी टीव्ही, चॅट, ईमेल असं सगळं करणाऱ्यांची चाचणी घेतली. वाटलं होतं ह्यांना सरावानं काहीतरी जास्त जमत असेल. उलट निघालं, नको त्या गोष्टीकडं दुर्लक्ष करायला त्यांनाच जड गेलं, आणि एका कामावरून दुसऱ्यावर जाण्यातसुद्धा तेच मागं पडले.

मिरजजंक्शन
माझा विरोध नोंदवा. आपल्या आज्या-पणज्या जात्यावर दळता दळता ओव्या म्हणायच्या, ते काय होतं मग? माझी आई टीव्हीवर मालिका बघत शेंगा सोलते, एक शेंग कुजकी जात नाही. सगळंच वाईट म्हणायची फॅशन आलीये.

कृष्णाकाठची
@मिरजजंक्शन, ओवी जात्याच्या फेऱ्यावरच चालते हो. हात आणि गळा एकाच कामाला जुंपलेले. दळताना कुणी जमाखर्च लिहीत नव्हतं. शेंगांचंही तसंच, हातांना पाठ झालंय, डोकं मोकळं. मालिकेत काही अवघड आलं की बघा, तिचे हात थांबत असतील.

मिरजजंक्शन
आत्ताच बघून आलो. थांबतात. सुनेनं कपाटाची किल्ली घेतली तेव्हा अर्धा मिनिट शेंग हातातच होती. विरोध अर्धा मागे घेतो.

अभ्यासू_कावळा
हे राहिलं होतं. अमेरिकेत २०१० मध्ये एक प्रयोग छापून आला. २०० जणांना गाडी चालवायच्या सिम्युलेटरवर बसवलं आणि हँड्सफ्रीवर बोलत लक्षात ठेवायची गणितं घातली. बहुतेकांचं दोन्हीकडं बिघडलं. फक्त अडीच टक्के लोकांचं काहीच बिघडलं नाही. म्हणजे पाच माणसं.

भडंगप्रेमी
त्या पाचात मी.

उंटावरचा
मीपण.

साताऱ्याचा_पेढा
आमच्या गल्लीतच सात जण आहेत.

वैशाली_विश्रामबाग
सगळे प्रतिसाद वाचले, आता जरा खडूस लिहिते.

हे हळू जगणं वगैरे छान आहे पण कुणाच्या जिवावर? माझी सकाळ सांगते. तव्यावर पोळी, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या, पोरगा ओट्याला टेकून पाढे म्हणतोय त्यात चूक काढायची, सासूबाईंची बीपीची गोळी, आणि पाणी किती वेळ येणार माहीत नाही म्हणून मधेच पिंप बघायचं. पावणेनऊला शाळेत हजर, मी शिक्षिका आहे. ह्यातलं मी काय सोडू? पोळी सोडू का पाढा? नवऱ्यानं मध्यंतरी कुठलातरी व्हिडिओ बघून ठरवलं की सकाळी अर्धा तास गच्चीत शांत चहा प्यायचा, फोन नाही काही नाही. पीत होते बिचारे. तो चहा गच्चीत कोण नेऊन देत होतं विचारा. एकाला सावकाश व्हायचं तर घरात दुसरं कुणीतरी दुप्पट पळतं, हे ह्या धाग्यावर अजून कुणी लिहिलेलं नाही. तासगावकर काका, तुमचा फोन कारभारणीकडं असतो म्हणालात, त्या पाव्हण्यांशी आता त्या बोलतात ना?

कृष्णाकाठची
+१००

आजीचा_बटवा
+१. पिंपाच्या वाक्याला विशेष.

तासगावकर_बागायतदार
ताई बरोबर बोललात. आत्ता विचारलं तिला. म्हणली, "सा वर्षं झाली, कुणीतरी विचारलं." आता फोन बंद करून कोनाड्यात ठिवणार.

आजीचा_बटवा
वैशाली, मी ६३ वर्षांची, तुझ्यासारखीच पळालेय. रिटायर झाल्यावर एक दिवस ओट्यापाशी नुसती उभी होते आणि हात मधेच भांडं घ्यायला, मधेच गॅस पुसायला जात होते, काही काम नसताना. तेव्हा घाबरले. सवय अंगातच गेली होती. उपाय म्हणून मी शिट्ट्या मोजायचं काम ह्यांच्याकडं दिलं. हे स्वयंपाकघराशेजारी पेपर घेऊन बसतात. पहिल्या आठवड्यात दोनदा भाताची पेज झाली कारण पेपर वाचता वाचता शिट्ट्या मोजत होते! आता पेपर आधी, कुकर नंतर. कामच दिलं पाहिजे, मदत मागितली की ते विसरतात.

वैशाली_विश्रामबाग
पेज :) आजी, आमच्याकडं पिंप दिलं पाहिजे.

भूल_डॉक्टर
मिरजेत भूलतज्ज्ञ आहे. आमच्याकडं थांबणं हा कामाचाच भाग आहे ते सांगतो. २००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं शस्त्रक्रियेसाठी एक चेकलिस्ट काढली. तीन ठिकाणी थांबायचं, भूल देण्याआधी, चीर देण्याआधी आणि पेशंट बाहेर नेण्याआधी. चीर देण्याआधीचा जो थांबा आहे त्याला टाइम आउटच म्हणतात. सगळे हात थांबवतात, पेशंट कोण, ऑपरेशन कुठलं, कुठल्या बाजूचं, हे मोठ्यांदा बोलायचं. मिनिटभर जातं. सुरुवातीला मलासुद्धा वाटायचं हा काय शाळकरी प्रकार, गुडघा समोर दिसतोय की. पण गुडघे दोन असतात.

विमानवाल्यांचं आमच्या आधीचं. अमेरिकेत १९८१ पासून नियम आहे की दहा हजार फुटांच्या खाली असताना, म्हणजे चढताना-उतरताना, कॉकपिटमध्ये कामाशिवाय एक शब्द बोलायचा नाही. वर गेल्यावर मारा गप्पा. मला हे आवडतं कारण दिवसभर ऋषीमुनी व्हा असं ते म्हणत नाहीत. मोटरवाले, तुमच्या दुकानातले दहा हजार फुटांखालचे प्रसंग कुठले तेवढे शोधा. चलन, आणि बहुतेक स्टार्टर. बाकी एल्बो फोनवर बोलत दिला तर काही बिघडत नाही.

मोटरवाला
डॉक्टर, हे एकदम डोक्यात बसलं. गुडघे दोन असतात हे दुकानात लिहून लावणार आहे, गिऱ्हाईक काय समजायचं ते समजू दे.

२एक्सवाला
एमपीएससीचा अभ्यास करतोय, वय २४. माझा प्रॉब्लेम उलटा आहे. लेक्चर सगळी २एक्सवर बघतो, एका बाजूला टेलिग्रामवर नोट्स, दुसरीकडं रील. आता झालंय असं की समोरचा माणूस नॉर्मल बोलला तरी हळू वाटतो. आजी तर ०.५ वर चालू आहे असं वाटतं, तिचं वाक्य मीच पूर्ण करतो आणि चुकीचं करतो. परवा ती "तुझ्या बापानं त्या पुरात..." म्हणाली आणि मी म्हणलो हो माहितीये होडीतनं आला. तर म्हणाली नाही रे, २०१९ ला नाही, २००५ च्या पुरात. ती गोष्ट मला माहीतच नव्हती. ऐकून घेतली मग. सव्वा तास लागला, मधे तिनं दोनदा चहा केला.

पोमोडोरो करून बघितलं, २५ मिनिटं अभ्यास ५ मिनिटं सुट्टी. ५ मिनिटांच्या सुट्टीत रील बघितलं की पुढची २५ गेली.

उंटावरचा
पोमोडोरो म्हणजे इटालियनमध्ये टोमॅटो. ज्यानं काढलं त्याच्याकडं टोमॅटोच्या आकाराचं किचन टायमर होतं. आपल्याकडं कुकर.

बेळगावची_लेक
माहेर सीमेवरचं म्हणून लिहिते. आपण सहज अष्टावधानी म्हणतो ना, ते मूळ अवधान कन्नड-तेलुगू-संस्कृतात अजून होतं, मी एकदा पाहिलंय. आठ जण पृच्छक, म्हणजे प्रश्न विचारणारे, असतात, अवधानीनं सगळ्यांना सांभाळायचं, हातात कागद-पेन नाही. एक जण श्लोक मागतो, एक जण अमुक अक्षर वापरायचं नाही म्हणून अडवतो, एकानं मधेच घंटा वाजवली की ती किती वेळा वाजली ते मोजायचं. आणि एका पृच्छकाचं कामच मधे मधे फालतू बोलून लक्ष उडवायचं, त्याला अप्रस्तुत प्रसंगी म्हणतात. पण नीट बघितलं तर तो माणूस एका वेळी एकालाच उत्तर देतो, श्लोकाची एकेक ओळ एकेका फेरीत, बाकीच्यांचं मनात धरून ठेवतो. वर्षानुवर्षांची तयारी असते त्याला. आपण तयारी न करता अष्टावधानी झालोय.

भडंगप्रेमी
अप्रस्तुत प्रसंगी! ह्या धाग्यावरचं माझं पद सापडलं.

मिरजजंक्शन
तयारीवरनं आठवलं. आमचं घर सतारमेकर गल्लीच्या जवळ. २०२४ ला मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तेव्हा सगळे फोटो काढायला आले, मी लहानपणापासून नुसता बसायला जातो. भोपळ्यावर काम करताना, कोरताना कारागीर आमच्याशी गप्पा मारतात, राजकारण, क्रिकेट, सगळं. पण जवारी काढायची वेळ आली की गप्प. घोडीचा वरचा पृष्ठभाग कानसून असा करायचा की तार त्याला हलकेच घासत राहील आणि तो झंकार सुटेल, मग तारेखाली सूत सरकवून जागा शोधायची. जास्त घासलं गेलं तर परत चिकटवता येत नाही. कुणी सांगत नाही, पण त्या वेळी आम्ही पोरंसुद्धा गप्प व्हायचो. डॉक्टरांचं दहा हजार फुटांचं वाचून तेच डोळ्यासमोर आलं.

उरलेला अर्धा विरोधही मागे.

साताऱ्याचा_पेढा
आता सिरियस लिहितो. पाहुणे आले की कासच्या पठारावर फुलं बघायला न्यायचं हे सातारकराचं कर्तव्य असतं. २०१२ ला जागतिक वारसा झाल्यापासून तर पाहुणे पण वाढले. तिथली निम्मी फुलं नखाएवढी. सीतेची आसवं उभ्यानं बघितली तर नुसता निळा धूर दिसतो, उकिडवं बसलं की एकेक फूल दिसायला लागतं, आणि ते कीटक खाणारं झाड आहे ह्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. पाहुणे वीस मिनिटांत फोटो काढून चला म्हणतात. गेल्या वर्षी मेहुण्याचा फोन गाडीत बंद पडला. चार्जर नाही. नाइलाजानं बसला खाली. पाऊण तास उठेना. जाताना यवतेश्वराच्या उतारावर म्हणतो, "पेढा राहिला."

प्रशासनाशी_संबंध_नाही
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

भडंगप्रेमी
मीटिंग संपली. (ती नव्हे, हल्लीची दुसरी.) खरं सांगायचं तर त्या पहिल्या मीटिंगमध्ये मी पयला लिहीत होतो तेव्हाच साहेबांनी विचारलं हे काम कोण घेतंय आणि मी मान हलवली. तीन आठवडे ते काम करायलोय. म्हणून गायब होतो.

मोटरवाला
धागा वर काढतो. काल २० तारीख होती, म्हणून अहवाल देतो.

डॉक्टरांचं ऐकून दोनच गोष्टी ठरवल्या. एक, पोर्टल उघडलं की फोन गल्ल्याच्या खालच्या ड्रॉवरमध्ये. दोन, मोटर किंवा स्टार्टर द्यायचा असेल तर खोका उघडून, गिऱ्हाइकाला दाखवून, फेज मोठ्यांदा बोलायचा. बाकी पूर्वीसारखंच चालू आहे, मी काही सुधारलो नाही.

ड्रॉवरचं पहिले चार दिवस हाल झाले. फोन आत वाजतोय असं वाटायचं, उघडून बघायचो, वाजत नसायचा. पाचव्या दिवशी ड्रॉवरला कुलूप लावलं आणि किल्ली अण्णांना दिली. अण्णांना एवढा आनंद झालेला मी बऱ्याच वर्षांत बघितला नाही. दोन गिऱ्हाईकं चिडली फोन उचलत नाही म्हणून, एक कोइमतूरवाले पण. फेज मोठ्यांदा बोलायचं मात्र एकदम जमलं. एक म्हातारे तर म्हणाले, हे काय तुम्ही मंगलाष्टकासारखं ओरडताय.

वैशालीताईंचं मनाला लागलं होतं. सकाळी पाण्याचं पिंप माझ्याकडं घेतलंय. पहिल्याच दिवशी ओव्हरफ्लो, कारण मी फोन बघत होतो. बायकोनं तो फोन पण अण्णांकडं द्या म्हणून सुचवलंय.

दुकान बंद करून दोनदा माई घाटावर जाऊन बसलो. पहिल्यांदा सात मिनिटं. दुसऱ्यांदा अण्णा बरोबर होते, त्यांनी आयर्विन पुलाकडं बघत, नदी अमुक पायरीवर कुठल्या साली होती ते सांगायला घेतलं, आठ वाजून गेले.

वैशाली_विश्रामबाग
पिंपाबद्दल आभार. गच्चीतला चहा आता आळीपाळीनं आहे, सोम-बुध-शुक्र माझा.

खतावणी
मोटरवाले, छान. आणि ते पीएमटी-०९ भरलंत ना?

मोटरवाला
राहिलं की ओ.